उन्हाळ्यातला लांबचा मोटारसायकल प्रवास

(उत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी आरोग्य, गुंतवणूक, मुलांचं शिक्षण अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. मी काही त्या अर्थाने जाणकार नाही. रेल्वेत रुळांच्या देखभालीचं काम करणारा डिप्लोमा इंजिनिअर आहे आणि बरीच वर्षं मोटारसायकल चालवतो आहे. कार्यकारिणीने विषय दिला, 'उन्हाळ्यात मोटारसायकलवरून लांबचा प्रवास सुखाचा कसा करावा'. भाद्रपदात उन्हाळ्यावर बोलायचं म्हणजे वरातीमागून घोडं, असं कुणी म्हणेल. पण आपल्यातली काही तरुण मुलं मे महिन्याच्या रजेत गाडीवरूनच नागपूरला, इंदूरला, नाशिकला जातात. काही जण शनिवार-रविवार जोडून लॅन्सडाउन, नैनिताल गाठतात. पुढच्या उन्हाळ्याचे त्यांचे बेत दिवाळीनंतर सुरू होतील, आणि तोवर ही स्मरणिका घरातच असेल.

मला सांगायची गोष्ट एकच आहे, ती आधी सांगून टाकतो. ऊन हा सोसण्याचा विषय नाही. ऊन माणसाचं पहिल्यांदा काय नेतं, तर विचारशक्ती. अंगातली ताकद नंतर जाते. म्हणून कुठे आणि किती वाजता थांबायचं हे रस्त्यावर ठरवायचं नाही. आदल्या रात्री घरी, पंख्याखाली बसून ठरवायचं.

आकडा सावलीतला, प्रवास उन्हातला

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. त्याच दिवशी मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर ५२.९ हा आकडा दिसला आणि देशभर खळबळ उडाली. पुढे हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता असं निघालं. चर्चा त्या चुकीच्या आकड्याचीच जास्त झाली. पण बरोबर असलेला ४६.८ हा आकडा काय कमी आहे?

शिवाय हवामान खातं जो आकडा देतं तो सावलीतला, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीतला असतो. आपण असतो तापलेल्या डांबरावर. खाली इंजिन, पुढे ट्रकचा धूर आणि डोक्यावर सूर्य. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं, किंवा सरळ ४५ झालं, की खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. त्यासोबत पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे येतात. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी दुपारी गाडी काढायची नाही. हा पहिला नियम.

वारा लागला म्हणजे गार वाटेल, हा गैरसमज

आपण कोकणातले, देशावरचे लोक. वाऱ्याची झुळूक आली की बरं वाटतं, ही आपली लहानपणापासूनची समजूत, आणि तिकडे ती खरीही आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ३० अंशांची असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४५ अंशांची झाली की हिशेब उलटा होतो. मग तोच वारा अंगात उष्णता भरतो, आणि वेग जितका जास्त तितकी जास्त भरतो. उत्तरेतली लू म्हणजे दुसरं काय? ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारा माणूस स्वतःसाठी स्वतःच लू तयार करत असतो.

अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तीन मोठ्या बादल्या पाणी १० अंशांनी तापवायला जवळपास इतकीच उष्णता लागते. घामाचं सामर्थ्य एवढं आहे. पण लू मध्ये तो इतका झटपट वाळतो की आपल्याला दिसत नाही. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं. माणूस म्हणतो, "मला तर घामच येत नाही, मी ठीक आहे." प्रत्यक्षात तासाला एखादा लिटर पाणी अंगातून निघून गेलेलं असू शकतं.

यावरून कपड्यांचा नियम निघतो. टी-शर्ट घालून, हात उघडे टाकून वारा घेत जाणं हा सर्वांत वाईट पोशाख. राजस्थानातला माणूस भर उन्हात डोक्याला साफा बांधतो आणि अंगभर सैल कपडे घालतो. नागपूरची मुलगी स्कूटर काढण्याआधी दुपट्ट्याने डोकं, तोंड, मान गुंडाळून घेते. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण ते बरोबर वागतात. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, त्यावर जाळीचं फिक्या रंगाचं जॅकेट, हातमोजे, मानेला पंचा आणि पायात बूट. हेल्मेटची काच खाली, फक्त हवेच्या खिडक्या उघड्या. काच वर केली की गरम हवा थेट डोळ्यांवर येते आणि तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचंच असावं. जून २०२१ पासून दुचाकीसाठी बिनशिक्क्याची हेल्मेट विकायला कायद्याने बंदी आहे. "उकडतं म्हणून काढलं" हे कारण मी ऐकूनच घेत नाही.

माठ, कूलर आणि आपण

आता एक गंमत पाहा. मे महिन्यात दिल्लीत माठातलं पाणी गार लागतं. जुलैत तोच माठ, तेच पाणी, पण कोमट. कूलरचंही तसंच. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांतून गारवा येतो आणि जुलैत नुसता दमटपणा येतो. पाणी वाळताना गारवा देतं, आणि हवा आधीच ओली असेल तर ते वाळतच नाही.

तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला, तर तो जो आकडा दाखवेल तितपतच पाणी वाळवून गारवा मिळवता येतो. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा साधारण २४ येतो. पावसाळ्यात बाहेर ३६ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तो ३१ च्या आसपास येतो. म्हणजे बातम्यांत ३६ ऐकून आपण निर्धास्त होतो, पण घामाच्या दृष्टीने तो दिवस जास्त कठीण असतो.

म्हणून दिल्लीचे उन्हाळे दोन आहेत असं समजा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा कोरडा आणि त्यानंतरचा दमट. कोरड्या उन्हाळ्यात आपणच माठ व्हायचं. प्रत्येक थांब्यावर आतला सुती शर्ट आणि मानेचा पंचा पाण्यात भिजवायचा, पिळायचा नाही, आणि वर जाळीचं जॅकेट घालायचं. अर्धा-पाऊण तास छान गारवा मिळतो. आमचे ट्रॅकमन उन्हाळ्यात डोक्याला ओला गमछा बांधतात, तो याचसाठी. शर्ट वाळला की पुन्हा थांबायचं, पुन्हा भिजवायचा. गारव्यासाठीचं हे पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा वेगळं, दोन लिटरच्या बाटलीत बांधून न्यावं.

दमट उन्हाळ्यात मात्र भिजलेला शर्ट अंगाला चिकटतो आणि काट्याखाली घामोळं उठतं. तिथे उपाय म्हणजे जास्त थांबे, सावली, पंखा आणि कमी अंतर.

पाणी : तहान लागायच्या आधी

तहान लागली म्हणजे आपल्याला उशीर झालेला असतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तेही एकदम न पिता दर वीस मिनिटांनी चार घोट, हे प्रमाण चांगलं. त्यासाठी पाठीवर नळीची पिशवी मिळते. ती नसेल तर दर तासाला सावलीत थांबा.

नुसतं पाणीच पाणी पिणंही बरं नाही, कारण घामातून मीठ जातं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. त्यासाठी ओ.आर.एस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते बरोबर एक लिटर पाण्यात विरघळवायचं असतं. अर्धं पाकीट ग्लासात टाकून प्यायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. दुकानात मात्र पाकिटावरचं सूत्र वाचून घ्या. गोड सरबतांच्या नावात ओ.आर.एस. ही अक्षरं वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, कारण लोक त्यालाच औषध समजत होते.

आपल्या स्वयंपाकघरातही उपाय आहेत. कैरीचं पन्हं, मीठ-जिरं घातलेलं ताक, उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी. इथल्या रस्त्यावर बेलाचं सरबत, शिकंजी, छाछ मिळते. फक्त बर्फ कुठला आहे ते पाहा. चहा-कॉफी बेताने, दारू आदल्या रात्रीसुद्धा नको. जेवण हलकं असावं. लोणी घातलेले तीन पराठे खाऊन उन्हात गाडी चालवली की झोप येते, आणि ती झोप मोटारसायकलवर परवडत नाही.

माझ्या वयाच्या मंडळींना एक विनंती. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, सर्दीची गोळी घेतली असेल, मधुमेह असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. यातल्या काही औषधांनी घाम कमी होतो किंवा पाणी लवकर जातं. मिठाचं पाणी प्रत्येकाला चालतंच असं नाही.

रुळांचा नियम

आता थोडं माझ्या कामाबद्दल. लांब वेल्ड केलेले रूळ एका ठरावीक तापमानाला ताण काढून बसवलेले असतात. उन्हाने रूळ लांबायला बघतो, त्याला जागा मिळत नाही आणि ताण आतल्या आत साठत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मग एका क्षणी रूळ वाकतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे. रुळाचं तापमान त्या ठरावीक तापमानाच्या २० अंशांहून वर गेलं की उन्हाळी गस्त सुरू. गस्तवाल्याला आज फारसं उकडत नाही असं वाटलं, म्हणून ती टळत नाही. रुळावरचा तापमापक सांगतो आणि माणूस चालायला लागतो.

माणसाच्या शरीराचंही असंच आहे. ताण आत साठतो, बाहेर दिसत नाही. म्हणून इथेही आकडा आणि घड्याळ. माझा हिशेब असा : पहाटे चारला निघायचं, अकराला थांबायचं. राहिलेलं अंतर असेल तर संध्याकाळी साडेपाचनंतर, आणि तेही अंधार पडेपर्यंतच. दिवसाला तीनशे किलोमीटरच्या आसपास.

दिल्लीहून नागपूर साधारण हजार-साडेदहाशे किलोमीटर. मुलं ते दोन दिवसांत कापतात आणि फुशारकी मारतात. उन्हाळ्यात ते चार दिवसांत करा. पहिला मुक्काम ग्वाल्हेर, दुसरा सागर, तिसरा सिवनी, आणि चौथ्या दिवशी सकाळच्या नाश्त्याला घरी. १७६० च्या उन्हाळ्यात दक्षिणेतून निघालेली सदाशिवरावभाऊंची फौजही ग्वाल्हेरवरूनच दिल्लीकडे आली होती. त्यांना मार्च ते ऑगस्ट लागले. आपण चार दिवस काढायला काय हरकत आहे?

रस्ता निवडतानाही सावली आणि पाणी पाहा. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना एक्स्प्रेसवे वेगासाठी चांगला, पण काँक्रीट तापतं आणि थांबायला ठिकाणं मोजकी. जुन्या मथुरा रस्त्यावर गर्दी आहे, पण ढाबा, झाड, हातपंप सगळं आहे. दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेवर दुचाकीला परवानगीच नाही. चाकातली हवा पहाटे, टायर गार असताना तपासा. कंपनीने दिलेला आकडा गार टायरचा असतो. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून ती सोडू नका.

डोंगरातून परतणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावं. रविवारी सकाळी हॉटेलात आरामात नाश्ता करून अकराला निघायचं, म्हणजे भर दुपारी मुझफ्फरनगर-मेरठच्या मैदानात उतरायचं. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात. आमचे ट्रॅकमन रोज उन्हात असतात, त्यांना ती असते. पाच दिवस ए.सी. ऑफिसात आणि दोन दिवस थंड डोंगरात काढलेल्याला ती नसते, मग त्याचं वय पंचवीस का असेना.

मागे बसणारी व्यक्ती

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चालवणाऱ्याला समोरून हवा लागते, हाताला काम असतं. मागे बसलेल्या बायकोला किंवा बहिणीला हवा कमी, पाठीवर सरळ ऊन आणि हातांना काहीच काम नाही. शिवाय "थांबूया का?" असं विचारायचा संकोच. थांबा चालवणाऱ्याच्या दमाने ठरतो, आणि त्रास आधी होतो मागे बसलेल्या व्यक्तीला. म्हणून तासाचा थांबा हा विचारून नाही, घड्याळ बघून. लहान मुलांना मात्र उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला मोटारसायकलवर नेऊच नये.

लक्षणं : दुसऱ्यालाच दिसतात

माझ्या ओळखीचा एक मुलगा जूनमध्ये एकटाच झाशीला निघाला. निघायला साडेआठ वाजले होते. दुपारी धोलपूरच्या पुढे एका ढाब्यावर थांबला, चहा घेतला, पैसे दिले. मिनिटभराने पुन्हा पाकीट काढून पैसे देऊ लागला. ढाबेवाला म्हणाला, "भैया, अभी तो दिए।" तर हा नुसता हसला आणि तिसऱ्यांदा पैसे मोजू लागला. ढाबेवाला शहाणा. त्याने गाडीची किल्ली काढून घेतली, याला खाटेवर आडवं केलं, बादलीभर पाणी अंगावर ओतलं, पंखा लावला आणि दवाखान्यात नेलं. मुलगा वाचला. त्याला विचारलं तर तो सांगतो, "मला अगदी बरं वाटत होतं. उलट जरा थंडीच वाजत होती."

म्हणून लक्षात ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही थांबायची सूचना आहे. सावली, पाणी, ओआरएस, आणि त्या दिवशी पुढचा प्रवास बंद. बोलण्यात असंबद्धपणा, तोल जाणं, बेशुद्धी, अंग चटका बसेल इतकं गरम, मग घाम असो वा नसो, हा उष्माघात समजायचा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. ११२ किंवा १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. दिल्लीत राम मनोहर लोहिया रुग्णालयात मे २०२४ मध्ये उष्माघातासाठी खास कक्ष सुरू झाला. तिथे रुग्णाला बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवण्याची सोय केली. मोठ्या रुग्णालयातही पहिलं काम हेच, अंग गार करणं.

आणि आमच्या खात्याची थोडी जाहिरात

गावी गाडी हवी आहे पण रस्त्याचा हट्ट नाही, त्यांनी मोटारसायकल रेल्वेने न्यावी. त्याच गाडीचं तिकीट असेल तर ती लगेज म्हणून जाते, नसेल तर पार्सल म्हणून. आर.सी. आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स, नीट पॅकिंग, दोन्ही स्टेशनांची नावं लिहिलेलं लेबल आणि पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी. यात कमीपणा काही नाही. नागपूरला उतरा आणि पहाटे ताज्या अंगाने पेंचला फिरायला जा.

शेवटी मोठ्या मंडळींशी दोन शब्द. मुलगा गाडी काढायला लागला की आपण रागावतो, तो न सांगता निघतो, आणि वाटेत फोन उचलत नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री त्याच्याबरोबर बसा. निघायची वेळ, थांबायची वेळ, मुक्कामाचं गाव आणि घरचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहा आणि ती पेट्रोलच्या टाकीवर चिकटवा. दुसऱ्या दिवशी "कुठपर्यंत पोचलास?" असं विचारू नका. त्याने तो उगाच वेग वाढवतो. अकरा वाजता फोन करा आणि एवढंच विचारा, "थांबलास ना?"

गणपती बाप्पा मोरया!